काही जाणवत नाही

४ जानेवारी

वही लिहायची हौस मला कधीच नव्हती. ही मेट्रनबाईंनी हातात ठेवली. त्यांच्या हॉस्पिटलातल्या साठ नर्सना दिवसाचे दहा तास उभं राहून चालतील असे बूट हवे आहेत. हे काम नीट पार पडलं तर दुकान तरलं. नाहीतर मी आणि लेक आहोतच, लोकांच्या झिजलेल्या टाचा बदलत बसायला.

बाईंनी आधी एकच नमुना मागितला आहे. मी म्हटलं, "नमुना आठ दिवस मी स्वतः पायात घालीन, मगच तुमच्यासमोर ठेवीन. वडिलांपासूनची रीत आहे." माझा पाय सहा नंबरचा. तरुणपणी मित्र बायकी पाय म्हणून चिडवायचे, पण आज तोच कामाला आला, कारण निम्म्या नर्सचा नंबर तोच आहे.

बाई म्हणाल्या, "मग रोज लिहून ठेवा. कुठे टोचलं, कुठे घासलं. आमच्याकडे लिहिलेलं नसेल तर ते झालंच नाही असं धरतात."

कागदावर जीव असलेली बाई आहे. लिहू.

६ जानेवारी

नमुना तयार. मऊ काळं चामडं, आतून तांबडं अस्तर, तळ जाड पण हलका. पुढचा भाग दोन तुकड्यांत केला आणि जोडाची शिवण बाहेरच्या अंगाला नेली, म्हणजे समोरून दिसत नाही आणि चामडंही वाचतं. स्वतःचीच पाठ थोपटावी असं झालं होतं, तेवढ्यात लेक शिलाई मशीनवरून म्हणाली, "बाबा, शिवण बरोबर करंगळीवर येतेय."

"येऊ दे. आतून ठोकून सपाट केली आहे."

"मी घालून बघू? आपला नंबर एकच आहे."

मी नाही म्हटलं. तिचा पाय लाडावलेला. लहानपणी मोज्यातली शिवण टोचते म्हणून रडून घर डोक्यावर घ्यायची. तिच्या पायाला विचारून बूट केले असते तर आजवर एक जोड दुकानाबाहेर पडला नसता.

७ जानेवारी

पहिला दिवस. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. काही जाणवत नाही.

८ जानेवारी

दुसरा दिवस. काही जाणवत नाही.

९ जानेवारी

तिसरा दिवस. काही जाणवत नाही. नवा बूट पहिले तीन दिवस कुरकुर करतोच. टाचेला घासतो, अंगठ्याला दाबतो. हा मात्र मुका. चाळीस वर्षं या बाकावर घालवल्यावर हात असा बसतो म्हणायचं. गेल्या वर्षभरात मी केलेला एकही बूट मला चावला नाही, हे आज लिहिताना लक्षात आलं. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

१० जानेवारी

चौथा दिवस. काही जाणवत नाही.

संध्याकाळी बूट काढून मागे हात धुवायला गेलो, परत येतो तर लेकीने ते पायात घातलेले. चार पावलं चालली आणि म्हणाली, "उजवा चावतो. करंगळीला."

म्हटलं, "चार दिवस घालून मला चावला नाही, तुला चार पावलांत चावला?"

"मी जे आहे ते सांगितलं, बाबा." आणि गोड सोड्याची बाटली तोंडाला लावून मशीनवर जाऊन बसली. दिवसाला तीन बाटल्या रिचवते. बाळंतपणानंतर सुटली ती सुटलीच. मी काही बोलत नाही, बोललं की नाकावर राग.

१२ जानेवारी

सहावा दिवस. काही जाणवत नाही.

सुईत दोरा ओवायला आज दहा मिनिटं लागली. दिव्याचा प्रकाश पिवळा पडलाय, बदलायला हवा. शिवाय थंडीमुळे सारखं संडासला उठावं लागतं आणि पाणीही भरपूर लागतं. बाकाजवळचा जग दुपारपर्यंत रिकामा होतो. वडिलांचाही असाच जग असायचा, याच कोपऱ्यात. चामड्याच्या धुळीने घसा कोरडा पडतो.

१४ जानेवारी

आठवा दिवस. काही जाणवत नाही. नमुना पास.

दोन वर्षांपूर्वी हेच मी छातीठोकपणे म्हणालो नसतो. तेव्हा पाय जळजळायचे, संध्याकाळी मुंग्या यायच्या, चादरीचा स्पर्शही नको वाटायचा. तेही हळूहळू थांबलं, पायाला काही न लावता. त्याच सुमारास डॉक्टरांनी साखर वाढली आहे म्हणून गोळ्या दिल्या होत्या. तीन महिने घेतल्या. मग म्हटलं, दुखत नाही, खुपत नाही, तर पोटात रोज विष कशाला? सोडून दिल्या. हिला सांगितलं नाही. ही म्हणजे माझी बायको, तिच्यापुढे डॉक्टर परवडला.

१६ जानेवारी

नमुना घेऊन हॉस्पिटलात गेलो. मेट्रनबाई महिनाभर रजेवर, त्यांच्या आईचं आजारपण आहे. भांडारातल्या कारकुनाने बूट उलटा केला, सुलटा केला, शिक्का मारला. वही पुढे केली तर म्हणाला, "ती बाईंना दाखवा, मला काय करायचीय?" पहिले वीस जोड महिन्याभरात द्यायचे.

येताना लेकीसाठी केक घेतला. अर्धा वाटेतच मी संपवला.

नमुना त्यांनी परत दिला. इतका सुखाचा बूट फळीवर ठेवून काय करायचा, आता रोजचा हाच घालणार.

२९ जानेवारी

लिहायचं कारण संपलं, पण सवय लागली. दुपारी लेक जेवायला घरी गेली की वही उघडतो.

बारा जोड झाले. पट्ट्याला आज दुसरं नवं भोक पाडलं. पोट आपोआप उतरतंय. हिला ऐटीत दाखवलं तर म्हणाली, "अहो, चेहरा बघा आरशात. गालफडं बसलीत." कौतुक म्हणून एक शब्द नाही.

४ फेब्रुवारी

हिने धुवायचे मोजे समोर आणून नाचवले. "हा डाग कसला? उजव्या मोज्याला रोज असतो."

पाहिलं. तांबूस डाग, बाहेरच्या अंगाला. अस्तर रंग सोडतंय! साठ नर्सचे पांढरे मोजे रंगले तर काय तोंड दाखवू? तसाच उठलो आणि अस्तरवाल्याकडे गेलो. वीस वर्षांचा दोस्त, पण आज त्याची कानउघाडणी केली. त्याने अस्तराचा तुकडा कापला, पाण्यात घातला, चोळला, पांढऱ्या फडक्यावर दाबला. फडकं स्वच्छ.

"माझ्या अस्तराने आजवर कधी रंग सोडला नाही," तो म्हणाला. "तुझ्या घामात तेजाब आहे का बघ."

"गठ्ठ्यातला एखादा भाग कच्चा निघाला असेल," मी म्हटलं. मी निघालो तरी तो माझ्या पायाकडेच बघत होता.

११ फेब्रुवारी

आता हे चामडंही. दुकानात दोन दिवस कसलातरी वास आहे. लेकीने नाकाला रुमाल लावला. सगळी चामडी उलगडून हुंगली, कुठली नीट कमावली गेलेली नाही ते कळेना. कुजकट वास आहे, थोडा गोडसर. व्यापारी हल्ली काहीही गळ्यात मारतात.

अंगात कसर आहे. थंडी बाधली असणार.

१७ फेब्रुवारी

वीस जोड पोचवले. कारकुनाने मोजून घेतले. मन हलकं झालं. परतताना उजवा बूट जरा घट्ट वाटला, म्हणजे घालताना वेळ लागला. घातल्यावर काही नाही.

२६ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

अकराच्या सुमारास मेट्रनबाई आल्या. हातात मोठी पिशवी. पिशवी बाकावर उपडी केली, चौदा जोड बाहेर पडले.

"बूटवाले, हे परत. सगळ्यांची तक्रार एकच. उजवी करंगळी. तीन मुलींना फोड आलेत. तुम्ही घालून बघणार होता ना?"

"आठ दिवस घातला, बाई. त्यानंतरही रोज घालतोय. आत्ताही पायात आहे. हल्लीच्या मुलींचे पाय..."

"वही कुठे आहे?"

दिली. पुढची पानं त्यांनी वाचू नयेत म्हणून पहिल्या पानांवर बोट धरून दिली. बाई उभ्यानेच वाचू लागल्या. मला वाटलं, एवढं नेटकं लिहिलेलं पाहून खूश होतील. त्यांनी एक पान उलटलं, मग दुसरं. परत मागे गेल्या. चष्मा काढला.

"नवाकोरा बूट. दिवसाचे अकरा तास. आठ दिवस. आणि काहीच जाणवलं नाही?"

"काही नाही," मी म्हणालो. अभिमानानेच म्हणालो.

"मोजे काढा."

"काय?"

"बूट काढा, मोजे काढा. बसा त्या स्टुलावर."

गिऱ्हाइकाला मी चाळीस वर्षं हेच सांगत आलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. उजवा मोजा निघेना, चिकटला होता. बाईंनी पाणी मागितलं, भिजवून हळूहळू सोडवला. मोजा सुटला आणि तो वास सुटला. चामड्याचा नव्हता.

करंगळी काळीनिळी. तिच्या बाहेरच्या अंगाला बोटाचं टोक जाईल एवढं भोक, बरोबर शिवणीच्या रेषेवर. आजूबाजूला पाऊल सुजून लाल. लेक मशीनवरून उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

मी तो पाय दुसऱ्याचा असल्यासारखा बघत होतो. दुखत नव्हता. बाईंनी कापसाने पुसला तरी दुखला नाही.

मग त्यांनी पर्समधून पेनासारखं काहीतरी काढलं, त्याच्या टोकाला नायलॉनचा ताठ दोरा. म्हणाल्या, "डोळे मिटा. तळव्याला दोरा लागला की हो म्हणा." मी डोळे मिटून बसलो. बसलो, बसलो. शेवटी म्हटलं, "बाई, सुरू करा ना."

"दहा ठिकाणी लावून झालं," बाई म्हणाल्या. "दोन्ही पायांना."

दोऱ्यात माझा जन्म गेला. जाड, बारीक, मेणाचा, रेशमी, कुठलाही बोटात धरून ओळखतो. आणि हा मला कळलाही नाही.

"साखर कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं. मी लेकीकडे पाहिलं. "थोडी होती," म्हटलं. "गोळ्या सोडल्या. काही होत नव्हतं."

"होत होतं. कळत नव्हतं. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. आधी जळजळतात, मग गप्प होतात. लोकांना वाटतं बरं झालं." त्या बूट उचलून आत हात घालून चाचपत होत्या. "ही शिवण चौदा मुलींना कळली. तुम्हाला दीड महिना पोखरत होती. उठा. रिक्षा बोलवा. आजच, आत्ता."

१ मार्च

हॉस्पिटलातून लिहितोय. साखर चारशेच्या वर निघाली. आणखी एक तपासणी असते, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी, तीही दुप्पट. डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात. जंतू करंगळीच्या हाडात शिरलेत. करंगळी काढावी लागेल. उशीर केला तर पाऊल, आणि आणखी उशीर केला तर ते कुठे थांबेल सांगता येत नाही.

त्यांनी डोळ्यांत दिवा घालून पाहिलं. आत पडद्यावर बारीक रक्ताचे ठिपके आहेत. दुकानातला दिवा ठीकच होता म्हणायचा.

मग म्हणाले, "घरात कुणाला मधुमेह होता?"

"नाही. वडील तर गंजलेल्या खिळ्याने गेले. पायात घुसला, दोन दिवस त्यांना कळलंच नाही, कामात एवढे गर्क. मग पाय सडला, गुडघ्यापासून कापला. दीड महिन्याने गेले."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग विचारलं, "पाणी फार प्यायचे का?"

कोपऱ्यातला त्यांचा पाण्याचा जग डोळ्यांसमोर आला. तीस वर्षं आम्ही कामात गर्क असलेल्या कारागिराची गोष्ट सांगत आलो. मुलांना सांगितली, गिऱ्हाइकांना सांगितली. खिळ्याला शिव्या घातल्या.

२ मार्च

ही भेटायला आली ती गोळ्यांची पाकिटं घेऊनच. खिळ्यांच्या डब्याखाली सापडली, सहा पाकिटं, न फोडलेली. माझ्या उशाशी एकेक मांडली. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी रोज विचारायचे, गोळी घेतली का. तुम्ही हो म्हणायचा," ती म्हणाली. "दोन वर्षं मी एका खोटारड्याशी संसार केला."

तिने माझं डावं, चांगलं पाऊल मांडीवर घेतलं आणि बसून राहिली. तिचा हात मला दिसत होता. त्याची ऊब लागली नाही. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

४ मार्च

करंगळी गेली. पाऊल राहिलं. डॉक्टर म्हणाले, दोन आठवड्यांनी आला असता तर वेगळं बोलत असतो.

भीती वाटते. लिहून ठेवतो, कारण बोलवत नाही. पाय गेला तर बाकावर कसा बसू? फर्मा, म्हणजे ज्यावर बूट बांधतो तो लाकडी पाय, मी दोन गुडघ्यांत धरतो आणि पावलांनी तोलतो. माझी पावलं म्हणजे माझे दोन कामगार.

९ मार्च

लेकीने कळवलं, उरलेली ऑर्डर तिने परत मागितली आणि मेट्रनबाईंनी ती दिली. अट एकच: नमुना सहा नर्सच्या पायात पंधरा दिवस. लेकीने पुढचा भाग एका तुकड्यात केलाय. चामडं जास्त लागतं. लागू दे.

मी तिला सांगून पाठवलं, "तू चार पावलांत सांगितलं होतंस." तिने निरोप धाडला, "आधी बरे व्हा, मग माझी माफी मागा."

२ एप्रिल

घरी. इन्सुलिनची सुई आता रोज टोचून घेतो, पोटाला. कातडं टोचण्यात आयुष्य गेलं, हे त्यातलंच. जखम हळूहळू भरतेय. मेट्रनबाईंनी फर्मान काढलंय: रोज सकाळी दोन्ही तळवे आरशात बघायचे, बुटात पाय घालण्याआधी हात घालायचा, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातही नाही. ही आरसा धरून उभी असते. परवा म्हणाली, "लग्नात एवढं मला निरखून पाहिलं नव्हतंत." बऱ्याच दिवसांनी दोघंही हसलो.

चहा बिनसाखरेचा. घाणेरडा लागतो.

१८ एप्रिल

दुकानात गेलो, अर्धा दिवस. नर्सचे नवे बूट फळीवर ओळीने. हात घालून प्रत्येक तपासला. जुन्या नमुन्यातही हात घातला. शिवण होती तिथेच होती, भाताच्या दाण्याएवढी उंच. बोटाला लगेच कळली. एवढी साधी गोष्ट मी का केली नाही? कारण आमच्या घरात पायाने बूट पास करतात, आणि पाय खोटं बोलेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

लेक मशीनवर होती. शेजारी सोड्याची बाटली. मी तिच्याकडे पाहत राहिलो. माझाच पाय, माझाच बांधा, वडिलांचंच नाक. बाळंतपणात तिची साखर वाढली होती, हे मला आज एकदम आठवलं. मूल झालं, साखर उतरली, विषय संपला असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, अशांना पुढे होण्याची शक्यता जास्त असते, शिवाय घराण्यात आहे, त्यांनी दरवर्षी तपासलं पाहिजे. तीन वर्षं झाली, तिने एकदाही नाही.

संध्याकाळी विषय काढला. म्हणाली, "मला कशाला तपासायचं? मी चांगली ठणठणीत आहे, बाबा. मला काही जाणवत नाही."



२३ एप्रिल

पाच दिवस तेच. मी सांगतो, ती टाळते. "वेळ नाही." "ऑर्डर संपू दे." "तुम्हाला झालं म्हणून सगळ्यांना होणार का?" आज चिडली आणि म्हणाली, "दोन वर्षं आईशी खोटं बोललात आणि आता मला शहाणपण शिकवता?" खरं होतं. मी मान खाली घालून आरी घासत बसलो.

ही म्हणाली, "तुमचं ऐकायची नाही ती. तुम्ही कुणाचं ऐकलं होतं?"

२४ एप्रिल

आज काही बोललो नाही. जाताना ही वही तिच्या मशीनवर ठेवली. म्हटलं, "जानेवारीपासून वाच. माझं खाजगी आहे, पण वाच."

२५ एप्रिल

वही परत मिळाली. तिचे डोळे सुजलेले होते. पहिल्या आठ दिवसांच्या पानावर एक ओला डाग पडून शाई पसरली आहे. दुपारी जेवायला जाते म्हणून गेली आणि दंडावर कापसाचा बोळा चिकटवून आली.

२८ एप्रिल

दोघं मिळून डॉक्टरांकडे. मी बाहेर बसायला तयार होतो, तिनेच आत ओढलं.

उंबरठ्यावर आहे. डॉक्टरांचाच शब्द. अजून आजार झालेला नाही, पण साखर असायला हवी त्याच्या वर आहे. "इथून पुष्कळ जण परत फिरतात," ते म्हणाले. "रोज अर्धा तास भरभर चालणं. सहा-सात किलो वजन कमी. गोड पेयं बंद. सहा महिन्यांनी परत तपासू." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही दोन वर्षांपूर्वीच्या गोळ्या सोडल्या नसत्या तरी करंगळी वाचली असती. या तर आजार व्हायच्याही आधी आल्या आहेत."

वाटेत ती म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते."

म्हटलं, "वाटू दे. चांगली खूण आहे. मला वाटली नव्हती."

११ मे

साठच्या साठ जोड पोचले. आठ दिवस झाले, एकही परत नाही. मेट्रनबाईंनी दुसऱ्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीला आमचं नाव सांगितलंय. तिला साधे बूट नकोत, साखरेच्या रुग्णांसाठी हवेत. आत एकही शिवण नाही, पुढे रुंद, तळ मऊ. पहिला जोड मी माझ्यासाठीच केला. तो पास मी केला नाही. आधी आतून हाताने, मग लेकीच्या पायाने; माझ्या करंगळीच्या जागी लोकर त्यानंतर भरली. नवी रीत.

मशीनशेजारी आता पाण्याची बाटली असते. चार दिवस ती सोड्यावाचून सगळ्यांवर खेकसत होती. पाचव्या दिवशी थकली असावी.

३ जून

लेक चालायला सुरुवात करते म्हणाली, पण घरातल्या चपला घालून. बूट करणाऱ्याची पोर! फळीवरून तिचा फर्मा काढला. पुसताना दिसलं, तळाशी वडिलांच्या अक्षरात माझं नाव, आणि त्याखाली माझ्या अक्षरात तिचं. एकाच लाकडावर आम्ही दोघांचे बूट बांधत आलो.

९ जून

चालायचे बूट झाले. आज सकाळी तिला स्टुलावर बसवलं, स्वतः खाली बसलो, नाड्या बांधल्या. दुकानासमोरच्या रस्त्याने कोपऱ्यापर्यंत गेली आणि आली. मी दारात उभा होतो.

"कसा आहे?"

तोंड वाकडं केलं. "चावतो."

"कुठे?"

"डाव्या टाचेला घासतो. उजव्या अंगठ्याशी घट्ट आहे. आणि आत इथे, घोट्याखाली, काहीतरी टोचतंय, अगदी बारीक. दोऱ्याची गाठ असेल." मग माझ्याकडे पाहून थांबली. "अहो बाबा, तुम्ही हसताय काय? मला लागतंय!"

हात घातला. दोऱ्याची गाठच होती, मोहरीएवढी. मी पुन्हा खाली बसलो, तिच्या दोन्ही पायांतले बूट काढले, तिच्या समोरच वही उघडली आणि लिहिलं:

पहिला दिवस. डावी टाच घासते. उजवा अंगठा दबतो. घोट्याखाली गाठ टोचते. सगळं जाणवतं.

उद्यापर्यंत टाच सैल करून देतो.